चिडाचं तेल: झाडाच्या जखमेवरचा चीक माणसाच्या किती कामाचा?

गेल्या थंडीत आईचे गुडघे धरले तेव्हा तिने मला टर्पेंटाइन आणायला सांगितलं. आमच्या घरची ही जुनी रीत: टर्पेंटाइनमध्ये कापूर विरघळवायचा, रात्री निजताना गुडघ्यांना चोळायचं आणि वर जुन्या सुती लुगड्याचं फडकं गुंडाळायचं. मी कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानातून अर्ध्या लिटरची बाटली आणली. आईने झाकण फिरवलं, एकदाच हुंगलं आणि बाटली माझ्या हातात परत दिली. “अरे, हे ते नव्हे. ह्याला रॉकेलचा वास येतोय.”

आईचं नाक बरोबर होतं. बाटलीवर बारीक अक्षरात एमटीओ लिहिलेलं होतं, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल. ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघतं आणि रंग पातळ करायला वापरतात. त्याचा कुठल्याही झाडाशी काही संबंध नाही. आईला हवं होतं ते चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या, झाडातून निघालेलं टर्पेंटाइन. नाव एकच, पण एक झाडाच्या खोडातून आलेलं आणि दुसरं जमिनीच्या पोटातून.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. पाइनच्या तेलाबद्दल हल्ली इतकं बोललं जातं, की सर्दीपासून किडनी स्टोनपर्यंत सगळ्यावर तेच औषध वाटावं. त्यात तथ्य आहे, पण ते कोणत्या बाटलीतल्या तेलात आहे, शरीरावर कुठे लावल्यावर आहे आणि तेल किती ताजं असताना आहे, हे समजून घेतल्याशिवाय ते हाती लागत नाही.

झाड हे तेल कशासाठी बनवतं?

उत्तराखंडात, हिमाचलात साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीच्या उतारांवर चिडाची जंगलं आहेत. पानं लांबच लांब सुयांसारखी, तीन-तीनच्या जुडग्यात. कुमाऊंत वाळून पडलेल्या सुयांना पिरूल म्हणतात आणि उन्हाळ्यात वणवा पेटतो तो बहुतेकदा या पिरुलावरच. राणीखेतच्या बाजूला मी एका झाडाजवळ बराच वेळ उभा होतो. खोडावरची साल एका पट्ट्यात सोलून गुळगुळीत केली होती, त्यावर तिरक्या खाचा होत्या आणि खाली एक लहानसं भांडं अडकवलेलं. खाचेतून मधासारखा घट्ट, पांढुरका चीक इतका सावकाश ओघळत होता, की तो हलतोय हे बघायला नजर रोखून धरावी लागत होती. स्थानिक लोक याला लीसा म्हणतात. बोटाला लागला तो साबणाने निघाला नाही, खोबरेल चोळल्यावर सुटला.

हा चीक म्हणजे झाडाची मलमपट्टी. साल फाटली, खोडकिडा आत शिरू लागला, बुरशी चढू लागली, की झाड त्या जागी चीक सोडतं. चिकातला पातळ, उडून जाणारा भाग किड्यांना आणि बुरशीला त्रास देतो. तो उडून गेल्यावर मागे जी राळ उरते ती घट्ट होऊन जखम बुजवते. जुन्या संस्कृत काव्यात हिमालयाचं वर्णन आहे, त्यात हत्ती गालाची खाज भागवायला सरल वृक्षांना अंग घासतात आणि सोललेल्या खोडातून झरणाऱ्या चिकाने डोंगरमाथे सुगंधित होतात. सरल म्हणजे हाच चीड. जखमेतून चीक येतो आणि चिकातून गंध, हे तेव्हाही माणसाने नीट पाहिलं होतं. आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांमध्ये, सरल आहे आणि त्याचा चीक श्रीवेष्टक म्हणून आहे.

गोळा केलेला लीसा भट्टीत वाफेवर तापवला की पातळ भाग वाफेबरोबर निघून जातो. ती वाफ थंड केली, की पाणी खाली आणि तेल वर. हेच टर्पेंटाइन. लीशाचा साधारण पाचवा हिस्सा हे तेल निघतं, उरलेली बहुतेक राळ. सारंगीच्या आणि व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ अशाच चिकातून येते.

खोबरेल, तीळतेल आणि हे तेल यांत मूळ फरक आहे. कागदावर खोबरेलाचा थेंब टाका, डाग कायम राहतो. ताज्या टर्पेंटाइनचा थेंब टाका, थोड्या वेळात कागद कोरा. ते उडनशील आहे, म्हणून त्याला वास आहे आणि म्हणूनच ते नाकातून फुप्फुसापर्यंत पोचतं. हा कागदाचा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाटलीत नेमकं काय असतं?

मुख्य घटक पायनीन. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, एवढाच त्याचा रेणू. अशा रेणूंच्या मोठ्या कुळाला टर्पीन म्हणतात आणि ते नाव टर्पेंटाइनवरूनच पडलं. या कुळाची रचना उलगडणाऱ्या ओटो वालाख यांना १९१० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या चिडाच्या तेलात मात्र पायनीनच्या जोडीला केरीन नावाचा घटक भरपूर असतो आणि लाँगिफोलीन नावाचा आणखी एक. चिडाचं जुनं शास्त्रीय नाव पायनस लाँगिफोलिया, त्यावरून हे नाव आलं. १९२० च्या सुमारास भारतीय टर्पेंटाइनवर रसायनशास्त्रज्ञ जॉन सिमॉनसेन यांनी केलेल्या कामातून ते पुढे आलं. नंतर या लाँगिफोलीनच्या रसायनावर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं ते डॉ. सुख देव १९६० पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सेंद्रिय रसायन विभागाचे प्रमुख होते. पाषाण रोडवरून जाताना मला आता चिडाची आठवण येते.

आणखी एक धागा तर आपल्या देवघरातला आहे. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर कापराच्या झाडातून येत नाही, तो टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात बनवतात. म्हणजे आई टर्पेंटाइनमध्ये कापूर विरघळवते तेव्हा एकाच कुळातली दोन भावंडं पुन्हा एकत्र येत असतात.

आता बाटल्यांची ओळख करून घेऊ, कारण गोंधळ इथेच होतो. चिकापासून निघालेलं ते टर्पेंटाइन. सुयांपासून, कोवळ्या फांद्यांपासून निघालेलं ते पाइन नीडल ऑइल. ते बहुतेक युरोपातल्या स्कॉट्स पाइन किंवा आल्प्समधल्या बुटक्या पाइनचं असतं, वासाला मऊ आणि दिव्यात घालायला, वाफाऱ्याला विकलं जातं. तिसरं नुसतं पाइन ऑइल, फिनाइलमध्ये घालतात ते. त्यात टर्पिनिऑल जास्त असतं आणि बरंचसं टर्पेंटाइनवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. चौथं ते खनिज टर्पेंटाइन, जे मी आणलं होतं. एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो. आणि हो, कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं पाहून पुष्कळांना ते पाइन वाटतं. सुरू हे फुलझाडांच्या कुळातलं, त्याच्या सुया म्हणजे खरं तर बारीक फांद्या, आणि त्यात हे तेल नाही.

गुडघ्यावर लावल्यावर काय होतं?

इथे आईची बाजू भक्कम आहे. टर्पेंटाइन, कापूर आणि मऊ साबण यांचं लिनिमेंट, म्हणजे चोळायचं औषध, इंग्रजांच्या काळापासून औषधांच्या अधिकृत यादीत होतं. ते काम कसं करतं, तर त्वचेला मुद्दाम थोडं चेतवून. त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, कातडी लालसर होते, ऊब वाटते. त्वचेतून मेंदूकडे जाणारे हे ऊब-चुरचुरीचे निरोप खोलवरच्या दुखण्याच्या निरोपांना मागे ढकलतात. डोकं दुखताना आपण कपाळ दाबतो तसंच हे. दुखणं खरोखर कमी जाणवतं, झोप लागते, सकाळी पाय हलका वाटतो. गुडघ्यातली झिजलेली कूर्चा मात्र यातून भरून येत नाही. चोळण्याचा, गरम फडक्याचा आणि आपलं माणूस पायाशी बसल्याचाही त्यात वाटा असतो, आणि तो वाटा मी कमी लेखणार नाही.

फाटलेल्या, खरचटलेल्या कातडीवर हे लावायचं नाही. लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, फोड येतात.

छाती मोकळी होते का?

सर्दीत छातीला चोळायच्या मलमाची डबी घरात असेल तर मागची यादी वाचा. कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरी यांच्या शेजारी पुष्कळदा टर्पेंटाइनही दिसेल. लावल्याबरोबर नाक उघडल्यासारखं वाटतं, त्यात पुदिन्यातल्या मेंथॉलचा हात मोठा आहे. मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं. हवा तेवढीच जात असते, पण जास्त जातेय असं वाटतं. रात्री दोनला नाक चोंदलेल्या माणसाला हे वाटणंही फार मोलाचं असतं.

टर्पेंटाइनचं काम थोडं वेगळं. श्वासातून गेलेले टर्पीन श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला हलकंसं चेतवतात, कफ पातळ सुटायला मदत होते. जर्मनीत वनौषधी तपासणाऱ्या ‘कमिशन ई’ या तज्ज्ञ समितीने शुद्ध टर्पेंटाइनला आणि पाइन सुयांच्या तेलाला कफाच्या जुनाट त्रासात मान्यता दिली होती. पायनीन, लिमोनीन आणि सिनिऑल असलेल्या मायर्टॉल या कॅप्सूलच्या चाचण्या तिथे रुग्णांवर झाल्या आहेत आणि ब्राँकायटिसमध्ये ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली आहे. पण याच कुळातलं टर्पिन हायड्रेट, जे पिढ्यान्‌पिढ्या खोकल्याच्या औषधात घालत, ते अमेरिकेत १९९० च्या दशकात बाजारातून काढलं गेलं, कारण त्याचा उपयोग होतो याचा पुरेसा पुरावा कुणी देऊ शकलं नाही.

दमेकऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. जी चेतना एकाचा कफ सोडवते तीच दुसऱ्याच्या श्वासनलिका आवळते. डांग्या खोकल्यातही तेच. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर कापूर असलेलं कुठलंच मलम लावायचं नाही, नाकाखाली तर मुळीच नाही.

जंतू मरतात ते कुठे?

‘पाइनचं तेल जंतूंना मारतं’ हे वाक्य सगळ्यात जास्त फिरतं आणि सगळ्यात जास्त फसवतंही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात, त्यावर तेल टाकतात आणि जंतू खरोखर मरतात. जंतूच्या पेशीचं आवरण चरबीसारख्या पदार्थाचं असतं. पायनीनला पाणी नकोसं आणि चरबी हवीशी, त्यामुळे ते त्या आवरणात घुसतं, आवरण सैल होतं, पेशीतला ऐवज बाहेर गळतो. इथवर सगळं खरं. पण आपल्या पेशींचं आवरणही त्याच जातीचं आहे. बशीत जंतू मारायला जेवढं तेल लागतं तेवढं रक्तात पोचवायचं ठरवलं, तर जंतूंआधी आपलंच मूत्रपिंड आणि मेंदू कोलमडतील. म्हणून फरशीवर हे तेल जंतुनाशक आहे, रक्तात ते जंतुनाशक होऊ शकत नाही.

आणखी एक गंमतशीर बारकावा. पायनीनचे रेणू डाव्या-उजव्या हातासारखे दोन प्रकारचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. जंतूंवरच्या काही प्रयोगांत एका हाताचा पायनीन परिणाम दाखवतो आणि दुसऱ्या हाताचा जवळजवळ काहीच नाही. कोणत्या पाइनमध्ये कुठला हात जास्त, हे जातीनुसार आणि प्रदेशानुसार बदलतं. ‘पाइन ऑइल’ एवढंच लिहिलेल्या बाटलीवरून हे कळायचा काही मार्ग नाही.

जंतूंपेक्षा मोठ्या जिवांवर मात्र टर्पेंटाइन गावोगाव कामाला येतं. बैलाच्या खांद्याची किंवा शेळीच्या खुराची जखम चिघळून त्यात अळ्या पडल्या, की पशुवैद्य टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला बोळा जखमेत धरतात. अळ्या गुदमरून, तडफडून वर येतात, मग चिमट्याने काढता येतात. हिरवा कोवळा चारा खाऊन गाईला पोटफुगी झाली, की गोडेतेलात थोडं टर्पेंटाइन घालून पाजतात, पोटातला फेस मोडतो आणि वायू सुटतो. हे काम जाणत्यानेच करावं. पाजताना घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर जनावर फुप्फुसाच्या दाहाने दगावतं, आणि दूधही काही काळ वास मारतं.

किडनी स्टोनबद्दल जे ऐकू येतं त्यालाही एक बूड आहे. रोवाटिनेक्स नावाच्या कॅप्सूलमध्ये पायनीन, कॅम्फीन, बॉर्निऑल असे टर्पीन मोजून, ऑलिव्ह तेलात घातलेले असतात. मूत्रनलिकेतला खडा निघायला तिने मदत होते असं काही चाचण्यांत दिसलंय. ती मोजलेल्या मिलिग्रॅमची गोष्ट आहे. बाटलीतून चमच्याने ओतून घ्यायची नाही.

चिडाच्या हवेने क्षय बरा व्हायचा का?

नैनितालजवळ भवालीला १९१२ साली क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम निघालं. आजूबाजूला चिडाची जंगलं. कमला नेहरू १९३४-३५ मध्ये तिथे उपचारांसाठी होत्या. त्या काळी डॉक्टरांची आणि रोग्यांचीही खरोखर श्रद्धा होती, की पाइनच्या वासाने भरलेली हवा फुप्फुसं धुऊन काढते. व्हरांड्यात खाटा ओळीने मांडायच्या, दिवसभर पडून राहायचं, दूध-अंडी खायची आणि श्वास घ्यायचा. विश्रांतीने आणि आहाराने काही जण सावरले. पण क्षयावर खरा उपाय स्ट्रेप्टोमायसीन आणि त्यानंतरची औषधं हाती आल्यावर मिळाला. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ साली जे निष्कर्ष मांडले ते मला आजही थरारून टाकतात. दाटीवाटीच्या वस्तीत, आपल्याच घरी राहून औषधं घेणारे गरीब रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्या रोग्यांइतकेच बरे झाले होते. मोकळी हवा, चांगलं जेवण, विश्रांती या सगळ्याच्या अभावीसुद्धा औषधाने काम केलं होतं. ज्यांना भवाली कधीच परवडली नसती अशा लाखो घरांसाठी तो निरोप होता.

जंगलाच्या हवेत मन शांत होतं, नाडी मंदावते, हे जपानमधल्या अभ्यासांत दिसतं. १९८२ पासून तिथलं सरकारच वनस्नानाला प्रोत्साहन देतंय. त्यात वास किती, चालणं किती आणि फोन खिशात राहिल्याचा वाटा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. जंगलात जाऊन यावं, एवढं मी मनापासून सांगेन.

बाटली घरात असेल तर

पोटात घेतलेलं टर्पेंटाइन हे विष आहे. जंत पडावेत म्हणून साखरेवर थेंब टाकून घेण्याची जुनी चाल होती, आणि हल्ली इंटरनेटवर ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली ती पुन्हा डोकं वर काढते आहे. कृपा करून कुणी हे करू नका. मूत्रपिंडाला इजा होते, लघवीतून रक्त जातं, झापड येते. टर्पेंटाइन पोटात गेलेल्याच्या लघवीला व्हायोलेटच्या फुलांसारखा गोड वास येतो, ही विषबाधेची जुनी वैद्यकीय खूण आहे. लहान मुलाला तीन छोटे चमचे, म्हणजे १५ मिली, जिवावर बेतू शकतात. मुलाने घोट घेतलाच तर उलटी करवू नका. हे तेल इतकं पातळ असतं, की उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि खरा घात तिथे होतो. १०८ ला फोन लावा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

दुसरा धोका फारसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. अर्धवट झाकण लावलेल्या बाटलीत हवेतला ऑक्सिजन तेलाशी हळूहळू संयोग पावतो आणि हायड्रोपेरॉक्साइडं नावाची, कातडीला त्रास देणारी संयुगं तयार होतात. त्यातही केरीनपासून बनणारी अधिक त्रासदायक, आणि आपल्या चिडाच्या तेलात केरीन भरपूर, हे वर आलंच आहे. जुन्या काळच्या रंगाऱ्यांच्या, चिनी मातीची भांडी रंगवणाऱ्यांच्या हातांना जो इसब व्हायचा त्यामागे बहुतांशी हेच होतं. ताजं तेल ज्याला वर्षानुवर्षं सोसलं, त्याला जुनं तेल एका दिवसात पुरळ आणतं, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगातही पाइनच्या तेलांत पेरॉक्साइड किती चालेल याची मर्यादा घालून दिलेली आहे.

घरी तपासायला कागद पुरतो. आईच्या कपाटात मागच्या कोपऱ्यात टर्पेंटाइनची एक जुनी बाटली सापडली, अर्धी रिकामी, बूच सैल. तिचा एक थेंब मी पांढऱ्या कागदावर टाकला आणि शेजारी औषधांच्या दुकानातून आणलेल्या नव्या बाटलीतला एक. तासाभराने नव्या थेंबाची जागा कोरडी, कोरी होती. जुन्याच्या जागी पिवळसर डाग उरला होता आणि बोट लावलं तर चिकटत होतं. आईने तो कागद खिडकीशी नेऊन निरखून पाहिला. “मागच्या वर्षी पायाला पुरळ आलं होतं ते यानेच की काय,” ती म्हणाली.

नवी बाटली लहान आणली आहे, तपकिरी काचेची, घट्ट झाकणाची. मनगटाच्या आतल्या बाजूला गोडेतेलात मिसळलेला एक थेंब लावून आम्ही दोन दिवस वाट पाहिली. काही आलं नाही. मग आईने बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख घातली आणि कापराची पुडी उघडली.